खोडलेल्या पेशी

नेट्टा मच आमच्या प्रयोगशाळेत आली तेव्हा एक्कावन्न वर्षांची होती, आणि तिला नोकरी दिल्याबद्दल आम्ही स्वतःवरच फार खूश होतो. आम्ही म्हणजे शिकलेली माणसं. तीस वर्षं पीटरहेड बंदरातल्या फिश हाऊसमध्ये, म्हणजे मासे साफ करायच्या कारखान्यात, हॅडक माशांचे काटे काढणारी बाई, फिश हाऊस बंद पडलं म्हणून घरी बसलेली, तिला आम्ही पांढरा कोट दिला. केवढं आमचं मन मोठं! खरं सांगायचं तर आमचं काम तिच्यावाचून अडलं होतं.

काम होतं गाईच्या डोळ्यांचं. डोळ्याच्या बुबुळावर पेशींचा एक पातळ पडदा असतो, तो न फाटता सोलून काढायचा आणि त्या पेशी बशीत वाढवायच्या. मुलाखतीला आमचे प्रमुख डॉक्टर इर्विन प्रत्येकासमोर एक डोळा आणि एक सुरी ठेवायचे. दोन पदवीधर मुलांनी अर्धा तास घेतला आणि पडद्याच्या चिंध्या केल्या. नेट्टाने डोळा उचलून उजेडात धरला, विचारलं, "वरची बाजू हवी की खालची?" आणि दोन मिनिटांत पडदा बशीत पसरून ठेवला. मग सुरीकडे बघून म्हणाली, "या सुरीला धार कोणी लावली? हिने लोणीसुद्धा कापलं जाणार नाही."

हे १९८७ सालचं. संस्थेचं नाव रॅट्रे संस्था. हेरिंग माशांच्या एका व्यापाऱ्याने मरताना डोळ्यांच्या संशोधनासाठी इस्टेट ठेवली, त्यातून उभी राहिलेली ग्रॅनाइटची दुमजली इमारत. मी तिथे डॉक्टरेट करत होते. माझं नाव शोना रीड, वय तेव्हा सव्वीस, आणि अक्कल सोडली तर माझ्याकडे सगळं होतं.

आमचा विषय असा. जिवंत कातडीत बारीकशी वीज असते. कुठे कापलं की ती वीज तिथून गळते, आणि त्या गळतीवरून आजूबाजूच्या पेशींना जखमेची वाट कळते. त्या तिकडे सरकायला लागतात, आणि जखम भरते. हेच बशीत करायचं: पेशींवरून हलकीशी वीज सोडायची आणि त्या कुठे जातात ते बघायचं. त्या ऋण टोकाकडे जातात. वीज उलटी फिरवली की तासाभरात मागे वळतात. इर्विननी हे नेट्टाला पहिल्या दिवशी समजावून सांगितलं, तेव्हा तिने आपली बोटं पुढे केली. सगळ्या बोटांवर जुन्या कापल्याचे वण. "म्हणजे ही आपली आपणच बरी होत होती म्हणा," ती म्हणाली. "मी तीस वर्षं उगाच आयोडीन फासत बसले."

वीज तारेतून थेट पेशींना देता येत नाही, तारेतलं विष त्यांच्यात उतरतं. म्हणून मध्ये वाकवलेल्या काचनळ्यांचे पूल लावायचे, त्यांत मिठाच्या पाण्यात शिजवलेलं चायनाग्रास. ते शिजवायचं काम नेट्टाचं. मंगळवारी आणि गुरुवारी कत्तलखान्यातून डोळे आणायचं कामही तिचंच. तिच्याकडे एक लहानशी लाल गाडी होती, नवऱ्याची. तो समुद्रावर गेला तो परत आला नाही, तेव्हा अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ती गाडी शिकली. डोळे बर्फाच्या डब्यात घालून मागच्या सीटवर ठेवायची आणि डब्याला पट्टा बांधायची. मी एकदा हसले, तर म्हणाली, "चाळीस डोळे बघतायत मागून. नीटच चालवावी लागते."

रविवारी ती त्याच गाडीतून पोर्टसॉयला जायची, थोरल्या बहिणीकडे. आयना तिचं नाव. एकटी राहायची, पायाने अधू. प्रार्थना आटोपली की नेट्टा तिकडे जाणार, दोघी मिळून जेवणार, आठवड्याची भांडणं उरकणार, आणि संध्याकाळी नेट्टा परत येणार. रविवारी त्या रस्त्याला बस नसते. गाडी होती म्हणून बहिणीची गाठ पडत होती.

पण तिचं मुख्य काम होतं पेशींच्या वाटा काढणं. एक चित्रण पाच तासांचं. पेशी इतक्या हळू सरकतात की नुसतं बघून काही कळत नाही. म्हणून टीव्हीच्या पडद्यावर पारदर्शक कागद चिकटवायचा, ठरावीक मिनिटांनी चित्र थांबवायचं आणि एकेका पेशीच्या मधोमध बारीक पेनाने टिंब द्यायचं. मग टिंबं जोडायची. एका कागदावर शंभर पेशी, शंभर वाकड्यातिकड्या वाटा.

याचे दोन नियम होते. पहिला, वाटा काढणाऱ्याला ऋण टोक कुठल्या बाजूला आहे ते माहीत असता कामा नये. माणूस आहे, माहीत असलं की हात तिकडे वळतोच. म्हणून चित्रणांना नुसते आकडे द्यायचे, काही मुद्दाम आरशासारखी उलटी करायची, आणि यादी दुसऱ्याने कुलुपात ठेवायची. ती यादी माझ्या खणात असे. दुसरा नियम, जी पेशी दुसरीला चिकटली ती मोजायची नाही. जत्रेच्या गर्दीत कोण आपण होऊन चाललंय आणि कोण ढकललं जातंय हे सांगता येत नाही, तसंच ते. अशा पेशीवर लाल मेणपेन्सिलने फुली मारायची. ही फुली वाटा काढतानाच मारायची, यादी उघडायच्या आधी. एकदा यादी उघडली की कागदाला हात लावायचा नाही.

नेट्टाने तिसरा नियम स्वतःचा घातला. फिश हाऊसमध्ये प्रत्येक पेटीत काटे काढणारीची चिठ्ठी असायची. गिऱ्हाइकाला काटा लागला की पेटी जिची तिच्याकडे परत. त्या सवयीने ती प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात आपलं नाव घालायची. कोणी सांगितलं नव्हतं. इर्विन म्हणाले, याची गरज नाही. ती म्हणाली, "तुम्हाला नसेल."

मला तिनेच शिकवलं. डोळा सोलताना माझे हात थरथरत, तर ती मागून माझं मनगट धरायची. सकाळी बटरी आणायची, आमच्याकडचा तो चपटा खारट पाव, आणि माझा वाटा खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरवर गरम करायला ठेवायची. प्रयोग फसला की म्हणायची, "पेशी तुझ्या नोकर नाहीत पोरी. त्यांना जायचं तिकडे जातील." मी हे सगळं लिहिते आहे कारण पुढचं मी परक्या माणसाशी केलं नाही. हे कळावं.

माझा प्रश्न होता की अगदी क्षीण वीज पेशींना कळते का. जखमेपासून लांब असलेल्या पेशींना जितकी मिळत असेल तितकीच, नेहमीच्या विजेचा पाचवा हिस्सा. कळत असेल तर मोठी गोष्ट होती. कळते असं मी एका परिषदेला आधीच कळवून बसले होते. बाजारात तुरी म्हणतात ते हे. नेट्टाने आठ कागद काढून दिले. मी यादी उघडली आणि मोजलं. पेशी चारी दिशांना पांगल्या होत्या. ऋण टोकाकडे जितक्या, तितक्याच धन टोकाकडे. त्यांना काही कळत नव्हतं.

तो गुरुवार होता. नेट्टा डोळे आणायला गेली होती. मी कागद आणि चित्रण पुन्हा समोर घेऊन बसले, आणि मला एक पेशी दिसली जी खरोखर शेजारणीला चिकटली होती. नेट्टाच्या नजरेतून सुटली होती. मी तिच्या बरणीतून लाल पेन्सिल घेतली आणि फुली मारली. ती पहिली फुली खरी होती. त्याचाच मला राग येतो. पहिलीच खोटी असती तर कदाचित हात थांबला असता. मग दुसरी दिसली, जवळजवळ चिकटलेली. मग तिसरी, चिकटेल की काय अशी. आणि मी शोधत होते फक्त धन टोकाकडे जाणाऱ्यांत. चहाच्या वेळेपर्यंत आठही कागद झाले होते. उरलेल्या पेशी शहाण्यासारख्या ऋण टोकाकडे चालल्या होत्या. नेट्टा परत आली, तिने डबा ठेवला, माझ्याकडे बघून विचारलं की माझं डोकं दुखतंय का. मी हो म्हणाले.

लेख छापून आला. कौतुक झालं. नेट्टाने घरून फळांचा केक आणला आणि पहिला तुकडा मला दिला. मी तो खाल्ला.

दीड वर्षाने हॉलंडच्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं. त्यांनी तेच करून पाहिलं होतं, त्यांच्या पेशी चारी दिशांना पांगत होत्या. मूळ कागद पाहायला मिळतील का? इर्विन सरळ माणूस. त्यांनी कागद स्वतः काढले, चित्रणं स्वतः पाहिली, आणि तीन दिवसांनी आम्हा दोघींना आपल्या खोलीत बोलावलं. टेबलावर आठ कागद पसरलेले होते. बाकीच्या कागदांवर शंभरात आठ-दहा फुल्या, यांच्यावर चाळीस-चाळीस. आणि त्यातल्या बहुतेक पेशी कशालाच चिकटलेल्या नव्हत्या.

इर्विननी आधी मला विचारलं. "शोना, या फुल्यांबद्दल तुला काही माहीत आहे?"

मला अजून ती खिडकी आठवते, बाहेर बंदरावरचे पक्षी नुसते ओरडत होते. मी म्हणाले, "वाटा काढणं आणि फुल्या मारणं नेट्टाचं काम आहे."

यातला शब्द न् शब्द खरा होता. खोटं बोलले नाही असं मी नंतर कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण मला तेव्हा खवखवलं नाही. नुसता जीव भांड्यात पडला.

नेट्टाने एकेक कागद उचलून उजेडाला धरला. बराच वेळ बघत राहिली. मी मनात म्हणत होते, हिला कळणार. आता कळणार. तिने कोपऱ्यातलं आपलं नाव पाहिलं आणि कागद खाली ठेवला.

"नाव माझं आहे," ती म्हणाली. "म्हणजे पेटी माझी."

"पण तुला आठवतंय का नेट्टा, या मारल्याचं?" इर्विननी विचारलं.

"नाही आठवत. पण मग कोण मारणार? माझे डोळे गेले असतील. जिथे काही नाही तिथे चिकटलेलं दिसत असेल. मला कळलंसुद्धा नाही बघा."

ती माझ्याकडे वळली आणि तिने माझी माफी मागितली. माझ्या लेखाचं वाटोळं केल्याबद्दल. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असू दे गं."

त्या वाक्याइतकी मला माझी दुसऱ्या कशाची लाज वाटत नाही. फुल्या मारताना मी घाबरलेली होते, खोलीत भित्री होते. पण "असू दे गं" म्हणताना मी चक्क मोठ्या मनाची झाले होते.

नियतकालिकात दुरुस्ती छापून आली: मिसेस जे. मच यांच्या दृष्टीतील दोषामुळे नोंदी चुकल्या, निष्कर्ष मागे घेण्यात येत आहे. मला बाकीच्या चित्रणांवर डॉक्टरेट मिळाली. नेट्टाने महिन्याभरात नोकरी सोडली. इर्विननी तिला काचसामान धुण्याचं काम देऊ केलं होतं, ती नको म्हणाली. चष्मेवाल्याने तपासून सांगितलं की वयाच्या मानाने नजर उत्तम आहे. तिने त्याचं ऐकलं नाही. तिचं म्हणणं असं की त्याच्या भिंतीवरची अक्षरं एका जागी उभी असतात, ती कोणीही वाचेल. आपली नजर हलणाऱ्या गोष्टींत फसते, हे शिक्क्यानिशी छापून आलंय. आणि ज्या डोळ्यांना पडद्यावरची पेशी धड दिसत नाही, त्यांना रस्त्यात धावत आलेलं पोर काय दिसणार? तिने गाडी विकली.

गाडी विकल्याचं मला तेव्हाच कळलं होतं. वाईट वाटलं. मी तिला नाताळला एक लोकरीचा मफलर पाठवला.

त्यानंतर ती मला भेटली ते १९९५ साली, बेकरीच्या रांगेत. मी आता संस्थेत कायम झाले होते. तिने मला मिठी मारली, बटऱ्या घेतल्या, आणि आम्ही बाहेर बाकावर बसलो. मी विचारलं, आयना कशी आहे? विचारायला काहीतरी हवं म्हणून विचारलं.

आयना दोन वर्षांपूर्वी गेली, ती म्हणाली. गाडी होती तोवर दर रविवारी जाणं होई. गाडी गेल्यावर दोन बस बदलून मंगळवारी जायची. आयना रविवारी सकाळी स्वयंपाकघरात पडली. झटका आला होता. शेजारी प्रार्थनेला, तिथून मुलीकडे. मंगळवारी दुपारी नेट्टाने दार उघडलं तेव्हा आयना फरशीवरच होती, आणि अजून जिवंत होती. इस्पितळात नेईपर्यंत गेली. डॉक्टर म्हणाले की रविवारीच आणली असती तर जगलीही असती, नक्की सांगता येत नाही.

"पोर्टसॉयचे लोक तोंडावर काही बोलले नाहीत," नेट्टा म्हणाली. "पण अंत्यविधीला माझ्या बाकावर कोणी बसलं नाही. बहीण धडधाकट, तासाभराच्या अंतरावर, आणि ही दोन दिवस फरशीवर. त्यांना काय माहीत माझ्या डोळ्यांचं? मीही सांगितलं नाही. सांगून काय, सबबच वाटणार."

मी रडायला लागले. तिने पिशवी बाजूला ठेवली आणि माझी पाठ चोळली. "तू कशाला रडतेस पोरी? तू तर तिला कधी पाहिलंही नव्हतंस."

तेव्हा सांगायला हवं होतं. त्या बाकावर, त्या क्षणी. वाचणाऱ्याला वाटेल की सांगितलंच असणार. मी डोळे पुसले, बसची वेळ झाली म्हणाले आणि उठले. आधी चूक सांगायची होती, आता एक मरण सांगावं लागणार होतं. आणि मी पुढची सोळा वर्षं तो रस्ताच टाळला. बटऱ्या दुसरीकडून आणायला लागले.

२०११ साली संस्था नव्या इमारतीत जायची होती. तोवर मी तिथली प्रमुख. जुन्या खोक्यांची यादी माझ्या सहीसाठी आली, त्यात तळघरातलं खोकं नंबर एकोणीस: पारदर्शक कागद, १९८७-८९, नष्ट करावेत. सही केली की झालं. ते कागद सोडले तर जगात कुठे पुरावा नव्हता. इर्विन वारले होते. मी पेन उघडलं. मग तळघरात गेले, म्हटलं, एकदा बघू. इतक्या वर्षांनीही लाल मेण तसंच होतं. नेट्टाच्या फुल्या लहान, नीट, पेशीच्या बरोबर मधोमध. माझ्या मोठ्या आणि घाईच्या. शेजारी शेजारी. आंधळ्यालाही दिसलं असतं की हात दोन आहेत. पण कोणी दोन हात शोधतच नव्हतं, कारण इर्विननी मला विचारलं तेव्हा मी एकाच हाताचं नाव सांगितलं होतं.

मी आठ कागद गुंडाळून नेट्टाकडे गेले. बुकनहेवनला समुद्राकडे तोंड केलेलं तिचं घर. ती पंच्याहत्तरीची झाली होती, पाठीत वाकलेली. चहा ठेवू म्हणाली. मी नको म्हणाले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, कारण बसले असते तर पुन्हा बोलणं हवापाण्यावर गेलं असतं.

तिने चष्मा लावला आणि एकेक कागद खिडकीशी धरला. आठही. घाई नव्हती तिला.

"कुठल्या दिवशी?" तिने विचारलं.

"गुरुवारी. तू डोळे आणायला गेली होतीस."

"म्हणजे माझे डोळे ठीक होते."

"हो."

"गाडी चालवण्याइतके."

तिने कागद टेबलावर ठेवले, कडा जुळवल्या. ती रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं, आणि मला बरं वाटावं म्हणून ती काही करणार नव्हती. मग म्हणाली, "मी आयनाच्या फोटोशी रोज बोलते. तिला सांगत आले की डोळे गेले होते गं, नाहीतर आले असते. आता तिला काय सांगू?"

मी म्हणाले की मला माफ कर असं म्हणायचीही माझी लायकी नाही.

"मग म्हणू नकोस," ती म्हणाली. "ज्यांना खोटं सांगितलंस त्यांना आधी खरं सांग. ते छापून आण. मग बघू."

मी सगळं केलं. संस्थेला लिहिलं, नियतकालिकाला लिहिलं, कागदांचे फोटो पाठवले. प्रमुखपद गेलं. विद्यार्थी मला बघून बोलणं थांबवायला लागले. हे मी सहानुभूतीसाठी सांगत नाही, हिशेब कुठेही जमत नाही हे मला माहीत आहे. तरी एक कबूल करते. पत्र टाकून आले त्या दिवशी मला हलकं वाटलं होतं. वाटलं होतं की झालं. सात महिन्यांनी दुरुस्ती छापून आली आणि मी ती पाकिटात घालून, जवळजवळ बक्षीस घेऊन निघाल्यासारखी बुकनहेवनला गेले.

नेट्टाने पान खिडकीशी नेलं आणि दोनदा वाचलं. छापलं होतं ते असं: पूर्वीच्या दुरुस्तीत तंत्रज्ञाच्या दृष्टीला दिलेला दोष चुकीचा होता, फेरफार शोना रीड यांनी केला होता, तंत्रज्ञाच्या नोंदी अचूक होत्या.

"यात मी कुठे आहे?" तिने विचारलं.

मी बोट ठेवून दाखवलं. तंत्रज्ञ.

"हे कोणीही असेल. दोष होता तेव्हा मिसेस जे. मच होतं. मी कापून ठेवलंय ते, खणात आहे. आता दोष नाही तर तंत्रज्ञ." तिने पान माझ्याकडे ढकललं. "पोर्टसॉयला हे कोणाच्या हातात दिलं, तर त्याला कसं कळणार की ती मीच?"

मजकूर मीच लिहून पाठवला होता. संपादकाने एक अक्षर बदललं नव्हतं. नाव घालू नका असं कोणी म्हटलं नव्हतं. मला सुचलंच नव्हतं. आम्ही तंत्रज्ञांची नावं लिहीत नाही, तशी आम्हाला सवय नाही. माझं स्वतःचं नाव मात्र मी पूर्ण लिहिलं होतं, कबुलीजबाबातही.

मी त्याच दिवशी संपादकाला लिहिलं. उत्तर आलं की दुरुस्तीची दुरुस्ती करण्याची पद्धत नाही, आणि वाचकांना आशय कळला आहे. ते उत्तर घेऊन मी पुन्हा गेले. नेट्टाने दार उघडलं, पण उंबऱ्यातच उभी राहिली. मी तिथेच वाचून दाखवलं.

"मग तू लिही," ती म्हणाली.

"कुठे लिहू?"

"ते मला काय विचारतेस? तुला लिहिता येतं. नेट्टा नको लिहूस, ते घरचं. पूर्ण लिही. गाव लिही." आणि तिने दार लावून घेतलं.

म्हणून हे लिहिलं आहे. याची एक प्रत पोर्टसॉयच्या प्रार्थनाघरात पाठवते आहे, एक तिला.

जॅनेट मच, बुकनहेवन, पीटरहेड. तिचे डोळे चांगले होते.